साडेपाचची बस

“मावशी, तुमच्या बसचा नंबर काय हो?”

टकळीने विचारून टाकलं. एका दमात, डोळे मिटून, कडू औषध प्यावं तसं. पाण्याच्या टाकीमागे तिच्या दोन जिवलग मैत्रिणी, लंबू आणि चष्मिस, एकमेकींच्या तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. हसू फुटायची पाळी आली होती, आणि दोघींत ठरलं होतं की हसली ती हरली.

गेटमावशी शाळेच्या मोठ्या फाटकाला कुलूप लावत होत्या. किल्ली अर्धी फिरली आणि तिथेच थांबली.

“कुठली बस?” त्या म्हणाल्या.

आणि लगेच जीभ चावल्यासारखं करून, “हां, माझी बस होय! अगं, नंबर कोण बघतंय. रंगावरून ओळखते मी.”

“सगळ्या बस एकाच रंगाच्या आहेत,” टाकीमागून आवाज आला. लंबूला गप्प बसवणं म्हणजे शिट्टी वाजवणाऱ्या कुकरवर रुमाल ठेवण्यासारखं होतं.

लंबूचं घर बसथांब्याच्या बरोबर समोर, तिसऱ्या मजल्यावर. गेली कित्येक वर्षं ती खिडकीत बसून गृहपाठ करायची, म्हणजे अर्धा वेळ रस्ता बघायची. सगळ्या शाळेला पाठ होतं, की गेटमावशींची बस साडेपाचची. पण लंबू छातीवर हात ठेवून सांगत होती, मावशींना बसमध्ये चढताना मी एकदाही पाहिलेलं नाही. “आहे हिंमत तर विचार. विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर मी उचलीन.”

टकळीने विचारलं होतं, दप्तर जिंकलं होतं. इथे ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण जिंकल्याचं वारं डोक्यात शिरलं आणि ती म्हणाली, “चला मावशी, आज आम्ही तुम्हाला बसमध्ये बसवून देतो!”

मावशींनी तिच्याकडे पाहिलं, पर्स काखोटीला मारली आणि म्हणाल्या, “चला की.”

चौघी थांब्यावर गेल्या. मावशी रस्त्याच्या टोकाकडे डोळे लावून उभ्या होत्या, पण कुणी बसची वाट बघतं तशा नाही. बस नाही आली तर बरं, असं ज्याला वाटतं त्याच्यासारख्या. बस आली.

“हीच का?” चष्मिसने विचारलं.

“हीच,” मावशी म्हणाल्या, दांडा धरला आणि चढल्या. खिडकीपाशी बसल्या. बस सुटताना त्यांनी हात हलवला. अगदी थोडा, बोटांपुरता.

“हात्तिच्या! खरंच बस होती की,” चष्मिस म्हणाली.

मग तिघी लंबूच्या घरी बिस्किटं खायला गेल्या. पुडा संपत आला असेल नसेल, खिडकीतून लंबू किंचाळली, “ए, ते बघा!”

रस्त्याच्या त्या टोकाकडून मावशी चालत येत होत्या. पलीकडच्या फुटपाथने, भिंतीच्या कडेकडेने. एकदा पर्स या हातातून त्या हातात घेतली. थांबा ओलांडला, शाळा ओलांडली आणि शाळेमागच्या गल्लीत वळल्या. तिघी खिडकीतून वाकून वाकून बघत होत्या, म्हणून दिसलं: त्या चौथ्या दाराशी थांबल्या, कुलूप काढलं आणि आत गेल्या.

“दोन मिनिटं! शाळेपासून दोन मिनिटांवर राहतात बाई!” लंबू पोट धरून हसत होती. “पुढच्या थांब्यावर उतरून चालत परत!”

“पण मग बसची थाप कशाला मारतात?” चष्मिसने चष्मा पुसत विचारलं.

टकळीनेही हसायला सुरुवात केली होती. हसू मध्येच अडकलं. बिस्किटाचा तुकडा अडकावा तसं. कारण ती बस या दोघींच्या आधीपासून तिच्या ओळखीची होती.

आता तिला टकळी म्हणतात ते गेल्या वर्षापासून. वक्तृत्वाची ढाल जिंकली आणि तोंडाचं जे दार उघडलं ते बंद करायची किल्ली कुणाकडेच नव्हती. त्याआधी तिला कुणी कसलंच नाव ठेवलं नव्हतं. नाव ठेवायला आधी कुणाच्या लक्षात यावं लागतं.

पहिलीत असताना ती एवढीशी होती आणि दप्तर एवढं मोठं होतं. आई शिवणाच्या कारखान्यात कापड कापायच्या टेबलावर, बाबा छापखान्यात. शाळा साडेचारला सुटायची. पावणेपाचपर्यंत रिक्षा जायच्या, आया जायच्या, आजोबा जायचे. फाटकाशेजारच्या हिरव्या बाकावर ती एकटी उरायची. पहिल्या दिवशी तिने रडायला तोंड उघडलं, तर शेजारी गेटमावशी येऊन बसल्या. डोळे पुसायला नाही आल्या. स्वतःचंच काही दुखत असल्यासारख्या बसल्या आणि म्हणाल्या, “माझी बस साडेपाचची गं. तोवर एकटीने काय करायचं? तू बसतेस का सोबत?”

तिने तोंड मिटलं. हे वेगळंच प्रकरण होतं. म्हणजे आपण मागे राहिलेलो नाही. आपल्याला काम लागलं आहे.

त्या दिवसापासून चार वर्षं ती मावशींना सोबत करत होती. एकदा आई अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली म्हणून धावतपळत पावणेपाचला आली, तर ही बाकाला दोन्ही हातांनी चिकटून बसली. “मी नाही येणार. मावशींची बस यायचीय!” आई हसून हसून दमली. शेवटी मावशीच म्हणाल्या, “जा बाळा, आज बस लवकर येणारे.” तेव्हा कुठे बाईसाहेब हलल्या.

पाचवीपासून ती एकटी घरी जायला लागली. बाकावर दुसरी पोरं आली. आणि ती बस तिच्या डोक्यात तशीच धावत राहिली, अशी, की तिच्याबद्दल शंका म्हणून कधी आली नाही.

मग पैज निघाली कुठून? इंग्रजीच्या बाईंमुळे. त्यांनी वर्गात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. रोजच्या वापरातला एकेक इंग्रजी शब्द, आणि आपल्या भाषेत त्याचे दहा अर्थ नाहीतर दहा समानार्थी शब्द शोधायचे. “डिक्शनरीतून उतरवलेलं मला वासावरून कळतं,” बाई म्हणाल्या होत्या. “प्रत्येक शब्दाखाली एक वाक्य हवं, आणि ते कानांनी ऐकलेलं हवं. कोण बोललं, कुठे बोललं, किती वाजता, सगळं लिहायचं.”

लंबूला ‘रन’ आला, चष्मिसला ‘गेट’. म्हणजे मिळवणे, फाटक नव्हे, हे बाईंना तीनदा सांगावं लागलं. टकळीची चिठ्ठी उघडली तर आत ‘वेट’.

“ओलं की वजन?” लंबूने विचारलं.

“थांब,” टकळी म्हणाली.

“थांबते. पण ओलं की वजन?”

यावर तिघींना बाहेर काढण्यात आलं होतं. आणि बाहेर उभं राहून चष्मिस म्हणाली होती, “तुझं बरंय. थांबण्यातलं सगळं कळणारं माणूस फाटकावरच बसलंय.” त्यावरून बस निघाली, बसवरून पैज.

सूचनाफलकावरची सूचना मात्र त्यांनी पैजेच्या दुसऱ्या दिवशी वाचली. शुक्रवारी गेटमावशींचा निरोप समारंभ. सोमवारपासून फाटक कार्डाने उघडेल. पालकांना उशीर झाल्यास विद्यार्थी कार्यालयात बसतील.

लंबूचं तोंड एवढंसं झालं. “आपल्याला काय माहीत,” ती म्हणाली. आणि ते खरंही होतं.

गुरुवारी टकळी शाळा सुटल्यावर घरी गेली नाही. खडूच्या रिकाम्या डब्यात कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन ती हिरव्या बाकावर येऊन बसली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला पहिलीतली एक मुलगी होती. मोजे घोट्यावर घसरलेले, पाय जमिनीला पोचत नव्हते. मधे मावशी.

“मावशी, ‘वेट’ला आपल्यात काय काय म्हणतात?”

“थांब म्हणतात. अजून काय?”

“ते एक झालं. दहा हवेत.”

“दहा! एवढं काय थांबायचं असतं गं माणसाला?” मावशी हसल्या. मग हातातल्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे बघत राहिल्या. “ताटकळणं लिहिलंस? ते पायांचं असतं. पोटऱ्या भरून येतात. मुख्याध्यापकांच्या दारात मी नोकरीसाठी तीन दिवस ताटकळले होते, तेव्हा कळलं. मग खोळंबणं. ते कामाचं. माणूस खोळंबला की चिडतो, कारण त्याचं दुसरीकडे काहीतरी असतं. ज्याचं दुसरीकडे काही नाही, तो कशाला खोळंबेल?”

टकळीची पेन्सिल भराभर चालत होती. चार वाजून पन्नास मिनिटं, हिरवा बाक, गेटमावशी.

“तिष्ठणं लिही. ते आपलं आपण होत नाही, मोठी माणसं लहान माणसांना तिष्ठत ठेवतात. दम धर, कळ काढ, हे दवाखान्यात ऐकायचं. रखडणं लिही. रखडलं की ते दुसऱ्याच्या हातात गेलं म्हणून समज.”

“आणि वाट बघणं?”

मावशींनी किल्ल्या मांडीवर ठेवल्या.

“ते दाराचं,” त्या म्हणाल्या. “लग्नाला दीड वर्ष झालं आणि हे कामासाठी म्हणून लांब गेले. दर महिन्याला पत्र यायचं. मग दोन महिन्यांनी. मी दारात उभी असायचे. पुढे पुढे पोस्टमन गल्लीच्या तोंडावरूनच हात हलवायचा, नाही म्हणून. भला माणूस होता. माझ्या दारावरून जायची लाज वाटायला लागली त्याला. लांबचा वळसा घेऊन जायचा, सायकलवर, भर उन्हात. मग मीच दारात उभी राहणं सोडलं. म्हटलं, आपल्यापायी त्याला कशाला त्रास.”

पेन्सिल हवेतच राहिली.

“इथे बरंय बघ,” मावशी पुन्हा किल्ल्या उचलत म्हणाल्या. “इथे ज्याची वाट बघावी तो येतोच. उशिरा का होईना, धापा टाकत का होईना. बावीस वर्षांत माझं एक पोर या बाकावर उरलं नाही.”

टकळीच्या घशाशी दोन दिवस अडकलेलं वाक्य वर आलं. “मावशी, परवा ते बसचं आम्ही...”

“परवा ना? गर्दी नव्हती फारशी,” मावशी घाईने म्हणाल्या. “खिडकी मिळाली.”

बाकाच्या त्या टोकाकडून घसरलेल्या मोज्यांची मुलगी वाकून बघायला लागली. “ताई, तू जा घरी,” तिने टकळीला सांगितलं. “मावशींबरोबर मी आहे. त्यांची बस यायचीय.”

मावशींनी टकळीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. शाळेत जिला सगळे घाबरायचे, जिच्या एका हाकेला सातवीची टोळी भिंतीवरून खाली उतरायची, ती बाई नववीतल्या पोरीकडे असं बघत होती, की टकळीला आपली जीभ जड वाटायला लागली. आयुष्यात पहिल्यांदाच.

“हो गं,” ती त्या मुलीला म्हणाली. “साडेपाचची. मीपण बसायचे सोबतीला. नीट लक्ष ठेव हं, चुकायला नको.”

मुलगी ताठ बसली. मावशी उठल्या आणि उगाचच फाटकाचा कोयंडा हलवून पाहून आल्या.

शुक्रवारी प्रार्थनेनंतर समारंभ झाला. मुख्याध्यापक म्हणाले, की मावशी वेळेच्या पक्क्या होत्या. शाळेतर्फे भिंतीवरचं घड्याळ दिलं. मावशींना दोन शब्द बोलायला सांगितलं तर त्यांनी माइकपासून हातभर लांब उभं राहून सांगितलं, “फाटकाचा खालचा कोयंडा जरा उचलून लावावा लागतो. नवीन माणसाला सांगा.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवीन माणूस नव्हताच, यंत्र होतं, हे कुणी म्हटलं नाही.

इंग्रजीच्या तासाला टकळीने डबा दिला. बाईंनी चिठ्ठ्या मोजल्या. “नऊ? मी दहा सांगितल्या होत्या.”

“एक राहिली, बाई.”

राहिली नव्हती. लिहून झाली होती आणि सगळ्यांत चांगली होती. माझी बस साडेपाचची. कोण बोललं, कुठे, किती वाजता, सगळं होतं. ती चिठ्ठी टकळीच्या कंपासपेटीत, कोनमापकाखाली होती. बाईंनी एक गुण कापला. लंबूने डोळे मोठे केले, कारण टकळी गुणांसाठी भांडली नाही.

संध्याकाळी ती टाकीमागे थांबली. या खेपेला एकटीच. शाळेने सगळ्या पालकांना निरोप धाडले होते, सोमवारपासून उशीर करू नये. कुणी सांगावं, धाक बसला असेल नाहीतर निरोप नीट वाचला नसेल, पण आजच सगळे वेळेवर आले. घसरलेल्या मोज्यांच्या मुलीचे वडील तर साडेचारच्या आधीच येऊन उभे होते. ती जाताना सारखी मागे वळून बघत होती. “पण बाबा, मावशींची...” एवढंच ऐकू आलं.

पावणेपाचला बाक रिकामा झाला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच असेल.

मावशी बाकावर बसल्या. मांडीवर घड्याळाचं खोकं. पाच वाजले, सव्वापाच झाले. त्यांनी खोक्यावरची दोरी सोडली, पुन्हा बांधली. टाकीमागून बाकापर्यंत वीस पावलं होती. टकळीने ती मनातल्या मनात दहादा टाकली. पण काय म्हणून जायचं? मला माहितीये म्हणून? मला वाईट वाटतंय म्हणून? ढाल जिंकणाऱ्या पोरीला एक वाक्य सापडेना.

साडेपाचला मावशी उठल्या. पदराने बाक पुसला. कोयंडा उचलून फाटक लावलं, किल्ल्या कार्यालयाच्या खिडकीत दिल्या. छोट्या दाराने बाहेर येऊन त्यांनी आधी थांब्याच्या दिशेने पाहिलं, मग मागे वळून. बघणारं कुणी नव्हतं. खोकं छातीशी धरून त्या सरळ गल्लीत शिरल्या.

घरी आई भाजी निवडत होती. बाबा नखांतली छापखान्याची शाई ब्रशने घासत होते. ती कधीच पूर्ण जायची नाही, पण ते रोज घासायचे.

“आई, पहिलीत असताना तू मला न्यायला नेहमी सव्वापाचनंतरच का यायचीस?”

“हे काय मधेच?”

“सांग ना.”

“अगं, आधी जिवाच्या आकांताने पळत यायचे. मग त्या गेटवाल्या बाईच म्हणाल्या, घाई करू नका, माझी बस साडेपाचची, तोवर मी आहेच. तेव्हापासून कापडाचा एक गठ्ठा आणखी उरकून निघायला लागले. फार आधार होता त्या बसचा.”

“बस नव्हती.”

“म्हणजे?”

टकळीने सांगितलं. पैज, पुढच्या थांब्यावर उतरून चालत परत येणं, गल्लीतलं चौथं दार, बावीस वर्षं. पोस्टमनचं सांगितलं नाही. ते तिला सांगायला दिलेलं नव्हतं. रिकाम्या बाकाचं सांगताना मात्र आवाज चिरकला, तेव्हा तिने उठून पाणी प्यायलं.

आईच्या हातात एक शेंग होती. ती मोडायची राहून गेली.

“म्हणजे चार वर्षं रोज...” आई म्हणाली. “आणि मी त्यांना एकदाही विचारलं नाही, तुम्ही राहता कुठे.”

“साडेचारला मोकळी होत होती ती बाई,” बाबा म्हणाले. नळ चालूच होता, तो त्यांनी बंद केला. “आता सोमवारपासून दिवसभर मोकळी.”

मग टकळी खुर्ची ओढून आईबाबांच्या समोर बसली. भाषणाला उभी राहताना करायची तसे केस कानामागे सारले.

“मी एक ठरवलंय. सोमवारपासून मी रोज साडेपाचनंतर घरी येणार. साडेचार ते साडेपाच मी शाळेमागच्या गल्लीत असेन, चौथ्या दाराच्या पायरीवर. अभ्यास तिथेच करीन. गुण कमी झाले तर बोला.”

बाबांनी आईकडे पाहिलं. आई हळूच म्हणाली, “जा. पण त्यांना कळेल गं. कुणी कीव करून येऊन बसतंय असं वाटलं तर दार नाही उघडायच्या त्या. काय सांगशील?”

“खरं नाही सांगणार,” टकळी म्हणाली. टाकीमागे सापडलं नव्हतं ते वाक्य आता समोर येऊन उभं होतं, आणि ते तिचं नव्हतंच. “सांगेन, माझी बस साडेपाचची आहे. तोवर एकटीने काय करायचं? तुम्ही बसता का सोबत?”